मीठ चार मुठी

एप्रिलातला रविवार, उद्यमनगरच्या मागची गल्ली.
गच्चीवर जुनी साडी अंथरून मी मिरच्या वाळत घातल्या
आणि चिमण्या हाकायला इंद्रजितला बसवलं.
गणिताचं पुस्तक त्याच्या मांडीवर उलटं.
"गुणोत्तर म्हणजे काय गं आई? कोण कुणाला उत्तर देतंय?"

मला काय ठाऊक.
आठवीत शाळा सुटली माझी.
अपूर्णांकाच्या आडव्या रेघेखाली जी गेले
ती परत वर आलेच नाही.

पण मिरच्या मला येतात.
म्हटलं, ऊठ, वाटी घे.
ही ब्याडगी. सुरकुतलेली, रंगाला. भांडत नाही कुणाशी.
ही संकेश्वरी, हिच्या वासानं शेजारचे विचारतात, आज काय बेत?
आणि ही लवंगी. बुटकी. हिचा नाद करायचा नाही.
तीन वाट्या, दोन वाट्या, एक.
"आणि लवंगी पण दोन घातली तर?"
तर तुझे पप्पा जेवताना डोळे पुसतील
आणि म्हणतील, उकडतंय बाई फार.
तो हसला, मग गप्प झाला, मग पुस्तक सुलटं केलं.
"हे असंच दिलंय इथं.
फक्त मिरच्यांच्या जागी कुणाचे तरी पेरू."

त्यानंतर पोरगं थांबेना.
धणे किती, तीळ किती, खोबरं भाजल्यावर हलकं का होतं,
गेलेलं वजन जातं कुठं?
(वासात, म्हणाली शर्वी. ती साडेपाच वर्षांची,
लसूण सोलत होती, पाकळ्यांच्या रांगा लावत,
पाच, पाच, पाच,
पाढा म्हणतेय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं,
मीही नाही सांगितलं.)

"मीठ?"
चार मुठी.
"कुणाच्या?"

चौदा वर्षं चटणी करतेय,
हे कुणी विचारलं नव्हतं.

खालच्या बागवानांच्या दुकानातून काटा आला.
माझी मूठ बावन्न ग्रॅम.
त्याची सव्वीस.
शर्वीची अकरा, आणि बाकीचं फरशीवर.
पुन्हा मोजली माझी, पंचावन्न.
पुन्हा, एकोणपन्नास.
"आई, तुझी मूठ चुकते!"
चुकत नाही रे, ती हवा बघून भरते.
ते त्याला पटलं नाही.
मिळवलं, तिनानं भागलं, पेन्सिल कानावर ठेवली:
"सरासरी बावन्न."
जन्मात पहिल्यांदा
माझी कशाची तरी सरासरी निघाली होती.

डंकावर बारा वाजता उभे राहिलो. पुढं अठरा जण.
एका घाण्याला अकरा मिनिटं, त्यानं बसून मोजली,
आणि रांगेला मोठ्यानं सांगितलं,
आमचा नंबर तीन वाजून अठरा मिनिटांनी.
बायका खोकत हसल्या. कुणी म्हणालं,
माझा पण काढ की रे भावा.
त्यानं सगळ्यांचे काढले.
अडीचला लाईट गेली.
"आता काय करतंय तुझं गणित?" डंकवाल्या शमाबी म्हणाल्या.
"लाईट धरली नव्हती," तो म्हणाला,
आणि वहीत खाली लिहून ठेवलं: लाईट.

घरी यायला पाच वाजले. हात न धुता त्यानं डोळे चोळले.
तासभर थयथयाट, तोंडावर गार दूध,
सगळं गुणोत्तर मोरीत वाहून गेलं.
रात्री त्यानं वही उघडली नाही. मीही म्हटलं नाही, उघड.

सकाळी बरणी काढायला गेले
तर झाकणावर कागद चिकटवलेला,
अक्षर वाकडं, कोपऱ्यात तेलाचा अंगठा:

ब्याडगी ३, संकेश्वरी २, लवंगी १.
मीठ : ४ आई.
आई घरात नसेल तर ८ मी.