प्रार्थनेसाठी विनंती

शुक्रवारची उपासना संपली. रुवीच्या चर्चमागे
कागदी कपात चहा, ताटलीत खारी,
आणि मी आवाज खाली आणून म्हणाले,
‘शेरोन ओहोळसाठी प्रार्थना करा गं.
रात्री दीडला पांढऱ्या गाडीतून उतरते.’

एवढंच. तेही डोळे मिटून.

पुढच्या शुक्रवारी त्या गाडीत एक माणूस बसलेला होता.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी त्याला बायको-मुलं होती.
मग कुणीतरी राहुरीला फोन केला.

गाडी हॉस्पिटलची होती.
मला कळलं तोवर
शेरोनची खोली रिकामी, दारामागे
युनिफॉर्मचा हँगर तेवढा.

इथे नळाला येतं ते समुद्राचंच पाणी.
किनाऱ्यावरचा कारखाना रात्रंदिवस
मीठ काढत बसतो त्यातलं.
मी ग्लास भरते, पिते. गोड लागतं.

आज प्रभुभोजनाला पाळकांनी
भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवला.
जिभेवर ठेवायचा होता.
मी मूठ मिटली
आणि तशीच बाकावर येऊन बसले.

‘काय झालं?’ सालोमीबाईंनी विचारलं.
‘काही नाही.’
त्यांनी माझी मूठ हातात घेतली,
आवाज खाली आणला:
‘नाव घेऊ का तुझं, प्रार्थनेत?’