चारशेसात डाऊन

कंट्रोल ऑफिसात चौतीस वर्षं
मी गाड्या अशा पाहिल्याच नाहीत.
त्या रेषा होत्या, आलेखाच्या कागदावर, तिरप्या.
कानाला हेडफोन, हातात टोकदार पेन्सिल,
आणि लांबून कुणी स्टेशनमास्तर:
"भिलवडी. सहा बावीस. गेली."
गेली म्हटलं की मी रेषा पुढं ओढायचो.

आता मंजिरी एका शिडाच्या होडीत आहे,
अकरा मीटरच्या, ग्रीनलँडच्याही पल्याड.
सोबत दोघं. त्यांची नावं मला लिहिता येतात,
म्हणता येत नाहीत. होडीचंही तेच.
म्हणून मीच नंबर दिला: चारशेसात डाऊन.
मुख्यालयापासून लांब जाते ती डाऊन.
मुख्यालय: मिरज, पहिला मजला, खाली पिठाची गिरणी.

दर सहा तासांनी मोबाइलवर एक ठिपका पडतो.
ताकारी, किर्लोस्करवाडी, नांद्रे लिहायचो
त्या जागी आता अक्षांश.
एकोणसत्तर. सत्तर. एकाहत्तर.
मधे केबिन नाही, गेटमन नाही,
हिरवा कंदील घेऊन कुणी उभं नाही.
ही गाडी आपली आपणच सांगते, आहे म्हणून.

इकडं ऑगस्ट. कोयनेचे दरवाजे साडेपाच फुटांवर,
आणि सगळ्या गल्लीत एकच प्रश्न.
बशीर शिकलगार तंबोऱ्याचा भोपळा मांडीवर घेऊन
कानशीनं घासत होता, मान वर न करता म्हणाला,
"मास्तर, आयर्विनला किती?"
माझा जीव कागदात.
"बहात्तर," म्हणालो.
कानस थांबली.
"बहात्तर फूट?"
भोपळे माळ्यावर चढवायला त्यानं पोरांना हाकही मारली.

मग दोघं हसलो, फार हसलो,
आणि डोळे पुसत तो म्हणाला,
तुमची पोरगी पोहायला शिकली ती माझ्याच भोपळ्यावर,
कृष्णाघाटाला, पाठीला बांधून. आठवतं का?
वाकडा निघालेला. सुराला चालला नसता.
पाण्याला चालला.

चौदा तारखेला ठिपका जागचा हलला नाही.
मेसेज आला: बर्फ आहे बाबा. इंजिन बंद केलंय. थांबलोय.
थांबणं मला कळतं.
सिग्नलला उभी गाडी म्हणजे कागदावर आडवी रेषा,
वेळ जातो, गाव येत नाही.
अशा हजारो ओढल्या असतील,
डबा खाता खाता, एका हातानं.
सहा तास. बारा. अठरा.
रात्री दोनला शालन उठून बसली,
"सुटली का?"
नाही, म्हणालो. उभीच आहे.

पण पहाटे बघतो तर
उभी गाडी हलली होती.
इंजिन बंद, शिडं गुंडाळलेली,
आणि ठिपका चार मैल दक्षिणेला.
रूळच चालत होते.
आख्खं रान चालत होतं, पांढरं, तिला पोटात धरून,
आली त्या बाजूला.

ह्याला कागदावर खूण नाही.
नियमाच्या पुस्तकात कलम नाही.
पेन्सिल ठेवली. खोडरबर घेतलं, तेही ठेवलं.
कुणाला फोन लावून ओरडायचं, कळेना.
शेवटी तुटक रेषा काढली, मागं येणारी,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
गाडी उभी. रूळ सुटले.

शालननं चहा आणला, नेमका कागदावर ठेवला.
त्र्याहत्तर अंशावर गोल डाग पडला,
तिची होडी बरोबर मधोमध.
एरवी बोललो असतो.

आयर्विन एकोणचाळीसवर अडून बसलंय.
पुढचा ठिपका आठ दहाला.
खाली बशीर तार लावतोय,
एकच, पुन्हा पुन्हा, कान लाकडाला टेकवून.
अजून चढली नाही.