अकरा जुलैची नोंद

गावाला आता त्याचे सुळे आठवतात.
पेट्रोल पंपावर, सौनाच्या बाकावर,
ग्रंथालयात, जिथे दर मंगळवारी तो
मासेमारीची मासिकं परत करायचा, न चुकता वेळेवर,
सगळे सांगतात : हसला की दिसायचे.

मी ते दात एकवीस वर्षं पाहिलेत.
दिव्याखाली, आरसा धरून, पार आतपर्यंत.
ताइस्तो कुओप्पाला. शाळेच्या बसचा चालक.
एकोणतीस दात, चार चांदीचे भराव,
खाली उजवीकडे अक्कलदाढेची रिकामी जागा.
सुळे आखूड. झोपेत दात खायचा, त्यानं झिजलेले.

सुईला घाबरायचा.
बूट दाराबाहेर काढून लोकरी मोज्यांत आत यायचा
आणि इंजेक्शनच्या वेळी पिर्क्कोचा हात धरायचा,
घट्ट, पण दुखेल इतका नाही.
पिर्क्को आता तो हात
सारखा धुते.

हेलसिंकीहून वर्तमानपत्राचा एक पोरगा आला.
त्याला एक्स-रे हवा होता.
जबड्यात काही वेगळं? हाड? ठेवण?
मी नाही म्हणाले. कायदा आहे.
खरं तर तिथे दाखवण्यासारखं काही नव्हतं,
हे सांगायला कायदा आड येत नव्हता.
तरी नाही सांगितलं.

पालिकेनं घर पाडलं.
पिवळं, लाकडी, पायरीशी स्कीच्या दोन जोड्या.
लोक थर्मास घेऊन बघायला आले.
साप निघून गेल्यावर भुई धोपटावी
तसं ते यंत्र दिवसभर धोपटत राहिलं.
कुणीतरी ओरडलं, तळघर बघा, तळघर.
तळघरात बटाटे होते.
आणि लिंगनबेरीच्या मुरंब्याच्या बरण्या,
प्रत्येकीवर मार्युतच्या हातानं लिहिलेलं वर्ष.

माणूस नव्हताच तो, शेजारीण म्हणाली.
पाळकही तेच म्हणाले, जरा मऊ शब्दांत.
मीही मान हलवली,
आणि खोटं कशाला बोलू, हलकं वाटलं.
तो माणूस नव्हता म्हटलं
की माणसांना काही विचारायचं उरत नाही.

त्याच रात्री दवाखाना उघडून
मी कार्ड काढलं.
त्याचं नाही, तिचं.
मार्युत कुओप्पाला. वरचा पुढचा दात, अर्धा तुटलेला.
कारण : बर्फावर घसरून.
अक्षर माझं.
तारीख अकरा जुलै.

जुलैत केमियार्वीला सूर्य मावळायचं विसरतो.
पोरं रात्री अकरापर्यंत तळ्यात डुंबत असतात,
बाजारात स्ट्रॉबेरीच्या गाड्या, त्यांवर डास,
डांबर चपलांना चिकटतं.
त्या दिवशी सगळ्या गावात बर्फ होता तो
माझ्या फ्रीजमध्ये.
तोच रुमालात गुंडाळून मी
तिच्या ओठाला लावला होता.

आता वाटतं, इतकं ढोबळ खोटं
तिनं मुद्दाम निवडलं असावं.
आंधळ्यालाही दिसेल असं.
बोलून झाल्यावर ती माझ्या पेनाकडे बघत राहिली.
पेन थांबलं नाही.
बाहेर त्यानं बसचं इंजिन चालू ठेवलं होतं
आणि मला पुढची भेट होती, साडेतीनची,
एक मुलगा, दुधाचे दात.

उद्या तो पोरगा परत येणार आहे.
परवा कुणीतरी मेणबत्त्या लावणार आहे
आता नसलेल्या पायरीवर.
माझ्या कपाटात, वरून तिसऱ्या खणात,
तिच्या वरच्या ओळीचा प्लास्टरचा साचा आहे.
त्यावरून मी नवा दात बसवला होता.
रंग शेजारच्या दाताशी तीनदा जुळवून पाहिला होता.
आरसा दिला, म्हणाले, हसून दाखव.
ती हसली.
फार सुबक झालं होतं काम.
कुणालाही कळलं नसतं.