तांबं

कालामात पाऊस पडत नाही.
बायका दिवस मोजतात पाळ्यांवरून :
नवऱ्याची रात्रपाळी, नवऱ्याची दिवसपाळी,
आणि स्वतःची.

एकतीस वर्षं मी इथे सुईण आहे, सरकारी दवाखान्यात.
खिडकीतून खाणीचे डंपर दिसतात,
ट्रेमध्ये निर्जंतुक पाकीट,
पाकिटात टी आकाराची पांढरी काडी,
काडीला गुंडाळलेली तांब्याची तार.
मिरेया कोल्के ती उजेडाकडे धरते आणि हसते,
"एवढ्याशासाठी डोंगर पोखरतात होय?"

मी सगळं सांगते. सांगितल्याशिवाय हात लावत नाही.
शंभरजणींत वर्षभरात एखादीलाच दिवस जातात, तेही क्वचित.
दहा वर्षं विसरून जा.
पण पहिले काही महिने अंगावरून जास्त जाईल,
कंबर धरेल, चिडचीड होईल, वाटेल काढून टाकावी.
चार-पाचजणींची निसटते, कधी पत्ताही लागत नाही,
म्हणून दोरा बोटानं चाचपायचा, लाजायचं नाही.
ताप आला तर त्याच दिवशी ये.
आणि हजारात एखादीला
ती भिंत भेदून पलीकडे जाते.

"हजारात एखादी," मिरेया म्हणते,
"खाणीत जाणाऱ्यांनाही असंच सांगतात."

मी हातमोजे चढवते. डावा उलटा चढतो. पुन्हा काढते.

"माझ्या आईची तुम्हीच बसवली होती.
ओरिएता. ओरिएता कोल्के."

नाव सांगायची गरज नव्हती.
माझं पहिलंच वर्ष. अंगावर पिणारं मूल, नाजूक झालेली भिंत,
आणि माझा घाईचा हात.
तिसऱ्या दिवशी रुग्णवाहिका, अडीच तास वाळवंट,
अंतोफागास्ताला पोटातून काढलेली ती तार
कुणीतरी डबीत घालून मला पाठवली होती.
अजून आहे. कपाटात, वरच्या फळीवर.

वर्षाच्या आत ओरिएता परत आली,
पुन्हा बसवून घ्यायला.
का, ते मी विचारलं नाही.
पाठीवर झोळीत ही होती, मूठ चोखत.

"आई म्हणाली," मिरेया आडवी होत म्हणते,
"तेव्हा त्यांचा हात नवा होता.
आता जुना झाला असेल."

"आणि मला नको झाली तर?"

तर ये. कारण विचारणार नाही.

आता खोक, मी सांगते.
ती खोकते.
बाहेर पाळी बदलल्याचा भोंगा होतो.