उघडा ठ

धारपांच्या मुलाने खोकं दारात ठेवलं,
म्हणाला, भंगारात द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघा.
आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एकच डबा,
गार्डचा, मालगाडीच्या शेपटाचा,
खऱ्याहून सत्याऐंशी पट लहान,
एक पायरी मोडलेली,
आणि अंगभर कुठल्याशा परक्या रेल्वेचा हिरवा.

ऐरोलीच्या या बाल्कनीत हिरव्याला जागा नाही.
इथे मालगाडीचा तपकिरी चालतो:
चार थेंब तांबडा, एक काळा, नखभर पिवळा,
आणि तीन दिवस आमटीला थिनरचा वास.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात स्पिरिट ओतलं,
गार्डचा डबा बुडवला, झाकण लावलं.
सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशखाली
हिरवा साईसारखा सुटत गेला.
खाली तपकिरी निघाला.
माझाच, चार-एक-नखभर.
त्यावर तीन केसांच्या कुंचल्याने लिहिलेलं, पांढरं
    ठा
हात थांबेपर्यंत णे ब्रशला लागून गेला होता.

ठ चा गोल मिटलेला नव्हता.
डावीकडे केसभर फट.

मग आठवलं.
सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात,
तळहातावर हाच डबा धरून धारप उभे होते.
रंगाचं प्रमाण माझ्याकडूनच लिहून नेलं होतं त्यांनी.
मी रबाळ्याहून पाळी संपवून येत होते.
तीस वर्षं गेज लावून माल परत पाठवणारी बाई,
चष्मा न काढता म्हणाले,
ठ उघडा राहिलाय तुमचा.
हो ना, म्हणाले ते,
आणि खाली गेले.
बस, एवढंच.
हिरवा त्यानंतरचा असणार.

घरातला प्रिंटर पांढरा छापत नाही,
पांढरा म्हणजे त्याच्या लेखी कोरा कागद.
म्हणून कोपरीला तोलारामकडे गेले,
लग्नपत्रिकांच्या ढिगाआड त्याची पांढरी शाई असते.
ट्रेसिंग पेपरवर उतरवलेला ठ त्याला दिला,
मापात म. रे. आणि अकरा आकडी नंबर दिला.
अकरावा आकडा आधीच्या दहांचा हिशोब असतो,
तो मी दोनदा काढून पाहिला होता.
जो डबा कुठल्याच रुळावर नाही
त्याचीही बेरीज चुकलेली मला खपत नाही.
तोलाराम भिंग लावून म्हणाला,
मॅडम, ठ फाटलाय. जोडून देऊ?
नको.
पत्रिकेत असं गेलं तर नवरीकडचे भांडतात हो.
म्हटलं, इथे नवरीच नाही.

डेकल कोमट पाण्यात सोडायचं, तीस मोजायचे.
कागद जड होतो, अक्षरं हलकी होतात.
ओल्या कुंचल्याने ढकललं तर सरकतात,
बोटाने ढकललं तर रुसतात, गुंडाळी होऊन बसतात.
पहिलं ठाणे माझ्या अंगठ्याला चिकटलं,
दुसरं छतावर गेलं.
तोलारामने पाच दिली होती, न मागता.
तिसरं बसलं.
वर व्हिनेगरचा एक थेंब, कापसाचं बोंड,
आणि अक्षरं फळ्यांच्या खाचांत उतरली,
जणू तिथेच लिहिली होती कोणी.

शेवटचा मॅट वार्निशचा हात,
आणि खाडीवरून एक डास आला तो थेट छतावर.
चिमट्याने काढला. एक पाय राहिला.
राहू दे.

रविवारी धारपांचा मुलगा आला.
डबा उचलून दिव्याखाली धरला,
नंबर वाचला, मोडकी पायरी चाचपली,
मग डोळे बारीक केले.
काकू, हा ठ जरा...

हो ना, म्हटलं,
आणि चहा टाकायला आत गेले.