डाव्या पायावर

शाळेच्या मोठ्या ढोलाला दिवाळीच्या सुट्टीत उंदीर लागले.
उरलं ते फक्त कडं,
आणि आत एका उंदरिणीचं बाळंतपण.

ठवकर सर म्हणाले, खंडारे, तुझ्या घरी आहे ना एक?
आहे.
लग्नाची तारीख नसली की माझी पुस्तकं त्याच्यावरच राहतात.
त्याच्या उजव्या तोंडावर लाल अक्षरात गोल लिहिलेलं:
न्यू झंकार ब्रास बँड, प्रो. सुखदेव खंडारे,
खाली मोबाईल नंबर,
शेवटचा आकडा टोल्यांनी घासून गेलेला.
तो सात आहे का एक, हे ज्याला माहीत
त्याच्याच दारी वाजतो बाबा.

नाव झाकून घे, सर म्हणाले.
ओरडून नाही.
जसं कोणी हळूच सांगतं,
ओठाला शीत लागलंय, पुसून घे.

मी कणकेची खळ शिजवली, ड्रॉइंगचा कागद डकवला,
त्यावर कंपासनं चक्र काढलं.
आऱ्या तेवीसच झाल्या.
चोविसावी दोघींच्या मधात कोंबली.

आदल्या रात्री बाबानं पट्टा माझ्या खांद्यावर टाकला,
दोन भोकं आवळला.
"लग्नात पाय नसते," तो म्हणाला,
"ज्याले जसं येते तसं नाचते,
आपण त्याइच्या मांगं मांगं.
तुमचं तसं नाही. तुमच्यात डावा पाय.
डाव्या पायावर मार,
अन् मारला की हात तिथं ठेवू नको,
तव्यावरून काढतेस तसा काढ."
मग अंगणात चालून दाखवलं.
तीस वर्षं वाजवतो,
पण सरळ रेषेत चालणं काही त्याला जमेना.
माय चुलीपाशी हसत बसली.

सव्वीस तारखेला
काळीपिवळीत सतरा पोरं, चार ताशे, दोन झांजा,
आणि ढोल टपावर, मायच्या शालीत.
रस्त्यानं धुकं. गिन्नीपुढं कापसाच्या गाड्यांची रांग,
बैलांच्या नाकातून वाफ.
कॅनव्हासच्या बुटांवर खडू घासला तो दवात पुसून गेला.
दानिशचा ओठ थंडीनं फुटला होता,
बिगुलाच्या तोंडाला रक्ताचा एवढासा ठिपका.

आधी पोलीस, मग होमगार्ड,
मग आम्ही.

पंचायत समितीच्या वळणापर्यंत सगळं बरं होतं.
मग फडफड ऐकू आली.
खळ दवानं ढिली झालेली,
आणि उजव्या हाताचा प्रत्येक टोला
कागदाच्या पोटात.
आधी "न्यू" दिसलं. मग "झंकार".

"अबे, हा तं सुखदेवचा ढोल!"
"नवरदेव कुठी हाय गा?"
हसू रांगेरांगेनं पुढं सरकलं,
आमच्याही आधी मैदानात पोचलं.
माझे कान तापले.
हात थांबवावासा वाटला, पण पाय
विचारत नव्हता.
डावा. डावा. डावा.
चक्राचा शेवटचा तुकडा माझ्याच बुटाखाली आला,
मी त्याला ओलांडू शकले नाही, रांग होती.

मंचावर एसडीओ मॅडम उभ्या, ठाणेदार उभे,
सोफ्यांवरचे सगळे उभे.
माझ्यासाठी नाही, मला कळतं.
पण बाबा ज्या मांडवात वाजवतो
तिथं तो आला म्हणून कोणी खुर्ची सोडत नाही,
आणि आत्ता
वाजत होते मी.

तो भज्याच्या गाडीपाशी होता, मफलर बांधून.
माझ्या तोंडाकडं पाहतच नव्हता.
पायांकडं पाहत होता.
अंगठा मांडीवर पडत होता त्याचा,
बरोबर.

बुंदीची पुडी वाटून झाल्यावर एक म्हातारा आला,
ढोलाजवळ वाकला, बोट ठेवलं.
"हा सात हाय का एक, बाई?
फागुनात नातीची तारीख काढली."
सर पलीकडं झांजा मोजत होते.
"सात," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

परतीला बाबा टपावर, ढोलाला धरून बसला.
उतरल्यावर म्हणाला,
"कातडं ओलं झालं, उन्हात ठेव.
अन् भज्याच्या गाडीपाशी तुझा एक उशिरा पडला."

का, ते त्यानं विचारलं नाही.