विडी घरकुलातला बर्फ

बेचाळीस अंशांत पत्रा तडतडतो
आणि मोबाइलवर बर्फ पडतोय.
चित्रं जपानी, गाव फिनलंडचं,
नऊ वर्षांची पोर परक्याच्या गायी राखते.

भूदेवी पालथी पडून बघते.
भाषा कुणालाच कळत नाही.
नरसम्मा सुपावर वाकलेली :
सातशे झाल्या,
तीनशे बाकी.

"हिला रोज किती देतात?"
"खायला देतात, अम्मा."
"आणि आई?"
"लांब गेली. कामाला."
नरसम्मा दातानं दोरा तोडते.

तिनंही राखल्या होत्या
हिप्परग्याच्या तळ्याकाठी
सात म्हशी, सावकाराच्या.
"सांग तिला, पुढं चालू नको.
मागं राहा,
म्हणजे मोजता येतात."

भूदेवी काचेवर बोट ठेवून
बर्फातल्या गायी मोजते.

एक कमी भरते.